प्रश्न अपुरा आहे

एका शनिवारी दुपारी कंधारला आत्याच्या अंगणात मी सरांना एक प्रश्न विचारला. सरांनी उत्तर दिलं. त्यानंतर आत्या आमच्या घरी आली नाही आणि सर माझ्याशी बोलले नाहीत.

सर म्हणजे माझे वडील. त्यांना ‘बाबा’ म्हणायची सोय आमच्या घरात नव्हती. लहानपणी मी म्हणून पाहिलं होतं. ते पेपर तपासत राहिले. ‘सर’ म्हटल्यावर मान वर झाली. आईसुद्धा सरच म्हणायची. “सर, पानं घेतलीत,” “सर, गॅस संपलाय.” उदगीरला माहेरी गेली की तिच्या बहिणी तिला यावरून छळायच्या. “काय गं, तुझी हजेरी पण घेतात का? उशीर झाला तर बाहेर उभं करतात?” आई हसायची आणि लातूरला परतली की पुन्हा सर म्हणायची.

लातूरला सर असणं म्हणजे दुसऱ्या एखाद्या गावात पाटील असण्यासारखं आहे. गल्लीगल्लीत शिकवण्या, चहूकडून डॉक्टर व्हायला आलेली पोरं, त्यांच्या खोल्या, त्यांच्या खानावळी, आणि या सगळ्याच्या मधोमध खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांची चार-दोन माणसं, ज्यांना रिक्षावालेही वाट देतात. आमचे सर जीवशास्त्र शिकवत. ते चांगले शिकवत. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे पुन्हा लिहावं लागणार नाही.

डोळ्याचा धडा ते दिवाळीनंतर घेत. त्या दिवशी इतर तुकड्यांतली मुलंही दाराशी उभी राहत. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, दृष्टिपटलावर, उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडासाठी. शंकूपेशी लख्ख उजेडासाठी, रंगांसाठी, अक्षरांसाठी. शंकूपेशींची दाटी मधोमध, दंडपेशी भोवतीनं. एवढं पुस्तकात होतं. पुढचं सरांचं होतं. काही घराण्यांत, ते सांगत, दंडपेशीच्या घडणीतच चूक असते. पोर जन्मतं, खेळतं, सगळं ठीक. मग दंडपेशी मरायला लागतात.

“पेशी मरताना बोंब मारत नाही,” खडू दोन बोटांत धरून सर म्हणायचे. “ती आवरतं घेते. स्वतःचे तुकडे करते, एकेक तुकडा पुडीत बांधते. शेजारच्या पेशी त्या पुड्या खाऊन टाकतात. ना सूज, ना दुखणं. म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. आधी संध्याकाळ जाते. मग कडा जातात. शेवटी नळीतून बघावं तसं मधलं तेवढं राहतं.” इथे ते थांबत. “आणि आता शंकूपेशी. त्यांच्यात दोष नाही. धडधाकट आहेत. पण दंडपेशी गेल्या की त्यांचं पोसणं थांबतं. मग त्याही जातात. लिहून घ्या. दंडपेशी मरतात रोगानं, शंकूपेशी मरतात शेजारानं.”

परीक्षेला हे कधीच येत नसे. तरी पोरं लिहून घेत. मीही घेतलं होतं.

इतकं नेमकं सांगणारा हा माणूस वर्गातून बाहेर पडला की पायरीवर अडखळायचा आणि ती पायरी बांधणाऱ्या गवंड्याची अक्कल काढायचा. कारण जे ते फळ्यावर काढून दाखवत होते ते त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत चाललं होतं. त्यांना हे ठाऊक होतं. आम्हाला ठाऊक होतं. आम्हाला ठाऊक आहे, हेही त्यांना ठाऊक असावं. पण या विषयावर घरात शब्द निघायचा नाही. “मला दिसत नाही असं नाही,” ते म्हणायचे. “माणसं मध्ये येतात.” खुर्ची मध्ये यायची, बादली मध्ये यायची, नांदेडच्या बसस्थानकावर एकदा लोखंडी खांब मध्ये आला. कपाळाला टेंगूळ आलं. सर त्या खांबाला म्हणाले, “बेशिस्त!” आणि पुढे गेले. शेजारी उभा असलेला हमाल कितीतरी वेळ त्या खांबाकडे बघत राहिला.

लातूरभर ते गर्विष्ठ म्हणून प्रसिद्ध होते. लग्नात कुणी हात पुढे केला तर सर तो घेत नसत. सत्यनारायणाला कुणी प्रसाद पुढे केला तर त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहत, प्रसाद त्याच्या हातात तसाच. त्यांना हात दिसतच नसे; तो त्यांच्या नळीच्या खाली असे. समोरचा अपमान गिळून निघून जायचा. आई मागून धावत जाऊन माफी मागायची. गर्विष्ठ म्हणवून घेणं सरांना परवडत होतं. आंधळा म्हणवून घेणं परवडत नव्हतं. माझ्या मते या दोन्हींत पहिलं अधिक खरं होतं, त्यामुळे लोकांची फारशी फसवणूक झाली असं म्हणता येणार नाही.

पोरं मात्र फसली नाहीत. लातूरची पोरं हुशार असतात, त्यासाठीच तर ती येतात. आमच्या तुकडीनं शोधून काढलं की सरांना फक्त समोरचं दिसतं. मग रोज एकाला मधल्या रांगेत पहिल्या बाकावर बसवायचं ठरलं. त्याला ‘मधला’ म्हणत. सर मधल्याकडे बघून शिकवत. मधला माना डोलवायचा, वहीत लिहायचा, मध्येच “हो सर” म्हणायचा. आणि दोन्ही बाजूंची पोरं चपला हातात घेऊन एकेक करून निघून जायची, थेट कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर. मुलींच्या बाकांवर आम्ही बसून असायचो, कारण मुलींना चहाच्या गाड्यावर उभं राहता येत नसे. धडा संपला की सर मधल्याला म्हणायचे, “आज वर्ग शांत होता. विषय कळला की पोरं शांत होतात.”

मी हे घरी येऊन आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. म्हणाली, “सरांना सांगू नकोस. जेवायचे नाहीत.”

माझी आई निरोगी होती. तिच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. तरी दिवे लागायच्या वेळेला ती घराबाहेर पडणं सोडून बसली होती, कारण त्या वेळी सरांना चहा लागायचा आणि कप हातात द्यावा लागायचा, समोर ठेवून चालायचं नाही. मैत्रिणी सुटल्या, भिशी सुटली, माहेर सणापुरतं उरलं. शंकूपेशींवरच्या सरांच्या त्या वाक्याचा अर्थ मला वर्गात नाही, स्वयंपाकघरात कळला.

अंधश्रद्धेवर सर फार कडक होते. रात्री दिसत नाही म्हणून कुणी पालक पोराला घेऊन आले आणि “गाजर देतोय सर” म्हणाले, की सर त्यांना उभ्या उभ्या सोलून काढत. उपासमारीनं आलेलं रातांधळेपण वेगळं आणि घराण्यातून आलेलं वेगळं. पहिल्याला जीवनसत्त्व पुरतं, दुसऱ्याला गाजराचं शेत पुरत नाही. हे सगळं बरोबरच होतं. आणि हाच माणूस आईला घेऊन बिलोलीजवळच्या एका खेड्यात डोळ्यांत पाल्याचा रस पिळणाऱ्या बाबाकडे रांगेत बसून आला होता. आईनं मला हे फार उशिरा सांगितलं. बाबानं नाव विचारलं तर सरांनी माझ्या उदगीरच्या मामाचं नाव दिलं. धंदा विचारला तर म्हणाले, “किराणा.”

तेवढ्यात मागून आवाज आला. “नमस्कार सर! वळखलं का? अकरावीला होतो तुमच्याकडं.”

“मी तो नाही,” सर म्हणाले.

“आवाज तर तुमचाच हाय की.”

“आवाज सारखे असतात,” सर म्हणाले, आणि आवाज सारखे का असू शकतात हे स्वरतंतूंपासून सुरू करून त्याला नीट समजावून सांगितलं. आई म्हणाली, “अगं, त्या पोरानं शेवटी पाया पडून आशीर्वाद घेतला.”

रसानं डोळे सुजले. सर काळा चष्मा लावून वर्गावर गेले आणि डोळे आलेत म्हणून सांगितलं.

त्या रांगेतल्या प्रसंगात सरांचा खरा स्वभाव आला आहे. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, हे त्यांना थांबवताच येत नसे. प्रश्न अभ्यासक्रमातला हवा, एवढीच अट. लग्नाच्या पंगतीत कुणी सहज म्हणालं की जेवल्यावर झोप का येते, तर सर घास खाली ठेवून पचनसंस्था सांगायचे आणि वाढपी वाट बघत उभे राहायचे. शेजारचे काका वारले, तेव्हा मातीला गेलेल्या एकानं हळूच विचारलं, “अंग असं लाकडावानी कामून होतं, सर?” सरांनी तिथे, सरणाशेजारी, स्नायू कसे आखडतात ते सगळं सांगितलं. काकांचा मुलगा मडकं खांद्यावर घेऊन थांबला होता. “उत्तर अर्धं सोडणं म्हणजे पोराचं वर्ष मारणं,” असं ते म्हणायचे. त्यांचं देवावर जितकं प्रेम नव्हतं तितकं पूर्ण उत्तरावर होतं. आमच्यावर किती होतं याचा अंदाज मला कधी आला नाही.

एक प्रकारचे प्रश्न मात्र ते घेत नसत. “वैयक्तिक शंका मी घेणार नाही,” असं वर्गात पहिल्याच दिवशी सांगत. घरात तर सगळ्याच शंका वैयक्तिक.

आता आत्याबद्दल. सरांना एकच बहीण, कंधारला दिलेली. आजी-आजोबा नात्यातलेच होते, मामा-आत्याची मुलं. त्या दोघांची नजर म्हातारपणापर्यंत चांगली होती. त्यांच्या पोटी ही दोघं, आणि दोघांनाही तेच. आत्या दिवसाउजेडी चूल आवरायची. अंधार पडला की भिंतीला हात लावून चालायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “उष्णतेचं हाय. बाळंतपणात अंगावर काढलं ना मी.” सरांनीच तिला ते सांगितलं होतं. बहिणीला खरं सांगितलं असतं तर स्वतःलाही सांगावं लागलं असतं.

माझ्या बारशाला आत्यानं माझ्या कानात नाव सांगितलं आणि सरांच्या कानात मागणं घातलं. आमच्याकडे भावाची मुलगी मागायचा पहिला हक्क बहिणीचा. तिचा महेश तेव्हा रांगत होता. सरांनी पाळण्यावर हात ठेवून शब्द दिला. पुढे मी लातूरला शिकले, मराठी घेऊन एम.ए. झाले, नांदेडला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लागले. महेशनं कंधारला बी-बियाणांचं दुकान टाकलं. तो सरळ माणूस होता. मला त्याच्याबद्दल तक्रार नव्हती, त्यालाही माझ्याबद्दल नसावी. आम्हाला विचारलंच नव्हतं, तर तक्रार कुठून येणार?

आई हट्टानं सरांना नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन आली, ती लग्नाची बोलणी निघाली त्याच सुमारास. डॉक्टर सरांचाच विद्यार्थी निघाला. त्यानं यंत्रातून बघितलं आणि पुन्हा बघितलं.

“काय दिसतंय?” सरांनी विचारलं.

“सर, पडद्यावर काळे डाग आहेत. कडेनं.”

“आकार?”

“हाडांच्या किरचांसारखा.”

“कशामुळे येतात?”

“सर, दंडपेशी गेल्यावर मागच्या थरातला काळा रंग आत सरकतो...”

“आणि?”

“आणि रक्तवाहिन्यांभोवती साठतो.”

“बरोबर. पूर्ण सांगत जा,” सर म्हणाले, खुर्चीवरून उठले आणि बाहेर येऊन आईला म्हणाले, “सगळं ठीक आहे. पोरगं विसरलेलं नाही.”

सर चपला शोधत होते तेव्हा डॉक्टर माझ्याजवळ आला. “ताई, काकू म्हणत होत्या, तुमचं आत्याकडेच ठरतंय. आत्यालाही हेच आहे ना?”

“हो.”

“मग सरांना विचारा एकदा. मला हे त्यांनीच शिकवलंय.”

मी विचारलं. त्याच आठवड्यात लातूरला गेले आणि जेवताना म्हणाले, “सर, माझं महेशशी झालं तर आमच्या मुलांच्या डोळ्यांचं काय?”

सर जेवत राहिले. मग म्हणाले, “वैयक्तिक शंका मी घेणार नाही.”

“मी लग्न करणार नाही मग.”

“शब्द दिलाय,” ते म्हणाले, आणि आईला, “ताक आहे का?”

आई रडली. मी उदगीरच्या मामाकडे गेले. मामा म्हणाला, “सरांपुढं आपली काय टाप? एवढे शिकलेले आहेत, त्यांना कळत नसंल का?” हे मला सगळ्यांनी ऐकवलं. त्यांना कळत नसेल का? त्यांना सगळं कळत होतं. माझी पोरं भिंतीला हात लावून चालतील की नाही, याचं उत्तर त्या घरात एकाच माणसाला येत होतं आणि तो ताक पीत होता.

तरी साखरपुडा ठरला, कंधारला, आत्याच्या अंगणात. मुहूर्त उन्हं उतरायच्या आतला. गुरुजींना वाटलं पंचांगामुळे. खरं असं की दिवेलागणीनंतर मुलाच्या आईला ओटीचं ताट दिसलं नसतं आणि मुलीच्या बापाला व्याही. बहीणभावांनी एकमेकांशी अवाक्षर न बोलता हे जमवलं होतं. अंगणात सतरंज्या होत्या, आत्याच्या सासरची उमरीकडची मंडळी होती, पोहे झाले होते. सर खुर्चीवर. आत्यानं खण-नारळाचं ताट उचललं आणि माझ्याकडे यायला निघाली.

मी पाटावरून उठले. वर्गात उठायचे तशी. म्हणाले, “सर, शंका आहे.”

“विचार,” सर म्हणाले. तोंडातून गेलंच.

“दबलेल्या जनुकामुळे होणारा विकार आहे. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच होतो. एका पुरुषाला तो आहे. त्याच्या सख्ख्या बहिणीला आहे. पुरुषाची मुलगी आणि बहिणीचा मुलगा यांचं लग्न झालं. त्यांच्या मुलांना विकार होण्याची शक्यता किती?”

पोरीबाळी हसायला लागल्या. आत्याही हसली. “आता इथं बी परीक्षा घेऊन राहिली का गं? बस की खाली, ओटी भरू दे.”

“थांब, माई,” सर म्हणाले. त्यांनी दोन बोटं वर धरली होती, खडू धरल्यासारखी. “प्रश्न अपुरा आहे. मुलीला आणि मुलाला स्वतःला विकार आहे की नाही, ते कुठे सांगितलं?”

“नाही,” मी म्हणाले. “दोघांची नजर चांगली आहे.”

हे बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ‘नजर’ म्हणाले. सरांच्याही आलं असणार. त्यांनी क्षणभर तोंड मिटलं. अजून थांबता आलं असतं. मुहूर्त टळतोय, असं म्हणता आलं असतं. महेशचा काका उमरीहून आलेला होता, तो पुढे सरकून ऐकत होता.

“मग दोघंही वाहक,” सर म्हणाले. “खात्रीनं. कारण प्रत्येकाला रोगी आईबापाकडून एक बिघडलेली प्रत मिळालेलीच आहे. वाहक गुणिले वाहक. चारात एक. आणि प्रत्येक बाळंतपणात पुन्हा चारात एक. पहिलं चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याला सूट मिळत नाही. पोरं इथे चुकतात.”

“कोंचा रोग म्हनायला लागलात, सर?” उमरीच्या काकानं विचारलं.

“दृष्टिपटलाचा.”

“म्हंजे कोनाचा?”

“माझा,” सर म्हणाले. “आणि हिचा.”

आत्या ताट घेऊन तशीच उभी होती. “माजं उष्णतेचं हाय, दादा. तूच म्हनला व्हतास.”

“ते चूक होतं.”

सरांच्या तोंडून हे शब्द मी तेव्हा ऐकले. त्याआधी आणि त्यानंतर नाही.

महेश इतका वेळ टोपी हातात घेऊन बसला होता. “मामा, म्हंजे माज्यात बी हाय?”

“तू वाहक आहेस. तुला स्वतःला काही होणार नाही.”

“मग सगळ्यांम्होरं कामून सांगितलं?”

“विचारलं म्हणून,” सर म्हणाले.

आत्यानं ताट खाली ठेवलं. जमीन लागेपर्यंत ती हातानं चाचपत होती, आणि आता सगळं अंगण तिच्या त्या हाताकडे बघत होतं. मग ती म्हणाली, “उठा आता सगळे. झालं.”

आम्ही अहमदपूरमार्गे बसनं परतलो. सर खिडकीशी बसले होते. अहमदपूर मागे पडलं. मग ते आईला म्हणाले, “तिला सांग, प्रश्न अपुरा होता.”

मी त्यांच्या शेजारच्याच बाकावर होते.

लोक सांगतात की बापानं लेकीला वाचवलं. शब्द मोडला, अब्रू घालवली, पण वाचवलं. सरांच्या गोष्टींत ही गोष्ट आता सगळ्यांत लाडकी आहे. मला ती पटत नाही. वाचवायचं होतं तर जेवताना वाचवता आलं असतं, ताकाच्या आधी. त्या अंगणात एक अपुरा प्रश्न होता आणि तो तसाच सोडून देणं त्यांना जमलं नाही, एवढंच. मोठेपणा मी त्यांना असा चुकून देणार नाही. त्यांनी क्षणभर तोंड का मिटलं, हे मात्र मला अजून नीट सांगता येत नाही.

त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांची नावं त्या गोष्टीत येत नाहीत. उमरीच्या काकानं ती बातमी तालुक्याला वाटली. महेशचं स्थळ बघायला आलेली माणसं आधी आत्याला चालायला लावून बघायची. कितीतरी जागी मोडलं. माझंही मग जमलं नाही. सुपारी मोडलेली मुलगी, त्यात खानदानी रोग. नंतर मी जमवायचं सोडलं. त्यात दुःख मानण्यासारखं काही नाही. पुस्तकांची नोकरी आहे आणि ती मला आवडते.

परवानगी न घेता प्रश्न विचारणाऱ्या पोराशी सर वर्षभर बोलत नसत. मी परवानगी घेतली होती. तरी माझ्याशी ते कायमचे बोलायचे थांबले. मग त्यांचं मधलंही गेलं. शंकूपेशी गेल्या, त्यांनीच शिकवलं होतं त्या क्रमानं. वर्ग सोडताना त्यांनी घसा बसला म्हणून सांगितलं. मी रविवारी लातूरला जाऊन त्यांना वाचून दाखवू लागले. डोळ्यांवरचं, जनुकांवरचं, नवीन निघेल ते. ते आईच्या दिशेनं तोंड करून ऐकत. “तिला सांग, उच्चार चुकला.” “तिला सांग, परिच्छेद पुन्हा वाच.” एकदा पडद्यात जनुकाची चांगली प्रत सोडण्याच्या उपचाराबद्दल वाचलं. काही मोजक्या प्रकारांत तो होतो. सर म्हणाले, “तिला सांग, जिवंत पेशीला प्रत देता येते. मेलेल्या पेशीला काय देणार?”

आई त्या दिवशी उदगीरला गेली होती. घरात आम्ही दोघंच होतो.

“सांगते,” मी म्हणाले.

यातही त्यांचं चुकलं नव्हतं. पण मी त्या वेळी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि चहा करून त्यांच्या हातात दिला, आणि तो त्यांनी घेतला, माझ्या हाताला हात लागू न देता.

सर मागच्या पावसाळ्यात गेले, दुपारी, जेवण झाल्यावर. शोकसभेला पुष्कळ डॉक्टर आले होते. प्रत्येकानं भाषणात ‘सरांनी आम्हाला दृष्टी दिली’ असं म्हटलं. त्यांतले निम्मे चहाच्या गाड्यावर असायचे. रडले मात्र सगळे खरं, आणि मीही रडले. ज्या माणसाचा राग करण्यात आपलं इतकं आयुष्य गेलं तो गेल्यावर हात रिकामे होतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

महेश एकटाच आला होता. बिलोलीची बायको केली त्यानं. तिच्या वडिलांनी काही विचारलं नाही. दोन मुली आहेत. अंधार पडल्यावरही अंगणात पळतात, म्हणाला. आत्याचं विचारलं तर म्हणाला, “आईला आता कायच दिसत न्हाई. येऊन काय पायलं असतं तिनं?” मग म्हणाला, “मामा लई खरं बोलायचे, पर टायम चुकायचा त्यांचा.”

लातूरचं घर आम्ही सोडलं. आई नांदेडला माझ्याकडे राहते. संध्याकाळी ती शेजारणींबरोबर गोदावरीच्या घाटावर जाते आणि अंधार पडल्यावर परत येते. सरांच्या दोन बिघडलेल्या प्रतींपैकी एक माझ्या पेशीपेशीत आहे. ती मला काही करत नाही, आणि माझ्या पुढे जाणार नाही.